मजकुरातून आकृती: डॉक्युमेंटेशनसाठी साधन कसं निवडायचं

आमच्या टीममध्ये एक मुलगा नवीन रुजू झाला. पहिल्याच आठवड्यात त्याला प्रकल्पाच्या डॉक्युमेंटेशनमधली मोठी आकृती दाखवली आणि सांगितलं, "आधी हे नीट बघून घे, मग कोड उघड." त्या आकृतीतली एक सर्व्हिस तो दोन दिवस कोडमध्ये शोधत राहिला. तिसऱ्या दिवशी संकोचत माझ्याकडे आला. "ताई, ही नोटिफिकेशन सर्व्हिस कुठल्या रेपोत आहे?" ती सर्व्हिस आम्ही वर्षभरापूर्वीच बंद केली होती. आकृती चुकीची आहे हे तीन-चार जणांना माहीत होतं, पण ती दुरुस्त कशी करणार? रेपोत, म्हणजे कोड जिथे साठवतो त्या भांडारात, फक्त पीएनजी होती, नुसतं तयार चित्र. मूळ फाइल ज्याच्या लॅपटॉपवर होती, तो केव्हाच दुसरीकडे गेला होता.

त्या पोराचे दोन दिवस वाया गेले याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून माझा आग्रह आहे, की कोडबद्दलची आकृती कोडच्याच शेजारी, मजकुराच्या रूपात ठेवायची. ज्याला कोड बदलता येतो त्याला आकृतीही बदलता आली पाहिजे. पण हे ठरवलं की लगेच प्रश्न येतो, की साधन कोणतं घ्यायचं? मर्मेड, प्लांटयूएमएल, ग्राफव्हिझ, डीटू अशी नावं कानावर पडतात आणि नवीन माणूस गोंधळतो. मी ज्या क्रमानं विचार करते तोच क्रम इथे देते.

आधी हे म्हणजे काय ते बघू

खालच्या तीन ओळी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा:

```
वापरकर्ता -> सर्व्हर: मोबाइल नंबर
सर्व्हर -> एसएमएस: ओटीपी
सर्व्हर -> डेटाबेस: ओटीपीची मुदत
```

डीटू या साधनासाठी ही पूर्ण फाइल झाली. वर काही मथळा नको, खाली काही समाप्ती नको. साधन चालवलं की चार चौकटी आणि तीन बाण असलेली आकृती तयार होते, बाणांवर लेबलं येतात. चौकट कुठे बसवायची आणि बाण कसा वळवायचा हे साधन ठरवतं. कोण कोणाशी बोलतं, एवढंच आपण सांगायचं.

आता समजा, ओटीपीची मुदत डेटाबेसऐवजी रेडिसमध्ये (मेमरीत डेटा ठेवणाऱ्या साठ्यात) ठेवायचं ठरलं. कोड बदलणारी व्यक्ती त्याच कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या त्याच नोंदीत, आकृतीची एक ओळ बदलते. रिव्ह्यू करणाऱ्याला हे दिसतं:

```
- सर्व्हर -> डेटाबेस: ओटीपीची मुदत
+ सर्व्हर -> रेडिस: ओटीपीची मुदत
```

पुढचं सगळं या दोन ओळींसाठी आहे. पीएनजी बदलली की रिव्ह्यूमध्ये फक्त 'बायनरी फाइल बदलली' एवढं कळतं, किंवा दोन चित्रं शेजारी ठेवून फरक डोळ्यांनी हुडकावा लागतो. इथे काय गेलं आणि काय आलं ते शब्दांत समोर असतं. सहा महिन्यांनी 'हा बाण कोणी आणि का बदलला' असं कुणी विचारलं तर गिटच्या इतिहासात त्याचं उत्तरही सापडतं.

पायरी पहिली: साधनाआधी प्रश्न ठरवा

'सिस्टिमची आकृती काढ' असं कुणी म्हटलं तर थांबा आणि विचारा, ही आकृती बघून वाचणाऱ्याला कुठल्या प्रश्नाचं उत्तर मिळायला हवं? ओटीपी लॉगिनचंच उदाहरण घ्या. 'ओटीपी चुकीचा टाकला तर काय काय घडतं?' हा घटनाक्रमाचा प्रश्न आहे, त्याला सिक्वेन्स डायग्राम लागतो. 'कुठली सर्व्हिस कशावर अवलंबून आहे?' याला चौकटी आणि बाण पुरतात. 'एकच ओटीपी कुठल्या कुठल्या अवस्थांतून जातो?', म्हणजे पाठवला, वापरला, मुदत संपली, रद्द झाला, याला स्टेट डायग्राम. आणि 'कुठलं टेबल कुठल्या टेबलाशी जोडलंय?' याला ईआर डायग्राम. रोजच्या कामातल्या बहुतेक आकृत्या या चार प्रकारांत बसतात.

हे तिन्ही-चारी प्रश्न एकाच आकृतीत कोंबायचा मोह होतो, तो आवरा. आधी कागदावर पेन्सिलीनं काढा. कागदावरच गिचमिड झाली तर कुठलंही साधन ती सोडवून देणार नाही.

पायरी दुसरी: आकृती वाचली कुठे जाणार?

निवडीत सर्वांत जास्त वजन या प्रश्नाला द्या. साधन दिसायला कितीही सुंदर असो, वाचणाऱ्याच्या पानावर आकृती आपोआप उमटत नसेल तर कुणीतरी ती हातानं तयार करून चिकटवणार, आणि पुन्हा पीएनजीचीच कथा सुरू होणार.

तुमचं डॉक्युमेंटेशन गिटहबवरच्या मार्कडाउन फाइलींत असेल तर उत्तर जवळजवळ ठरलेलं आहे, मर्मेड. फेब्रुवारी 2022 पासून गिटहब मर्मेडचा कोड थेट आकृती म्हणून दाखवतं, मग ती रीडमी असो, इश्यू असो की पुल रिक्वेस्ट. तीन बॅकटिक टाकायचे, त्यापुढे मर्मेड हा शब्द इंग्रजीत लिहायचा आणि खाली आकृतीचा मजकूर. गिटलॅबवरही मर्मेड चालतं.

स्फिंक्स किंवा ॲस्कीडॉक वापरून डॉक्युमेंटेशनची वेबसाइट तयार करत असाल तर तुम्ही मोकळे आहात, कारण आकृती बिल्डच्या वेळी, म्हणजे साइटची पानं तयार होताना, काढली जाते. तिथे प्लांटयूएमएल आणि ग्राफव्हिझ छान बसतात. लिनक्स कर्नलचं डॉक्युमेंटेशन स्फिंक्सवर चालतं आणि त्यात ग्राफव्हिझच्या डॉट भाषेतल्या आकृत्या थेट घालण्याची सोय केलेली आहे.

आकृती कोडमधल्या कॉमेंटमध्येच हवी असेल, म्हणजे टर्मिनलवर, एडिटरमध्ये, कुठलंही साधन न चालवता वाचता यावी, तर अक्षरांनीच काढलेली ॲस्की आकृती चांगली. ही जुनी आणि भक्कम परंपरा आहे. इंटरनेटवर डेटा पोचवणाऱ्या टीसीपी या नियमावलीचा मूळ दस्तऐवज, सप्टेंबर 1981 चा आरएफसी 793 (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज), त्यात हेडरची रचना आणि अवस्थांची आकृती उभ्या-आडव्या रेघांनी आणि अधिक (+) या चिन्हांनी काढलेली आहे. आजही ती कुठल्याही संगणकावर जशीच्या तशी उघडते. 2022 मध्ये त्याची जागा आरएफसी 9293 नं घेतली, त्यातही तशीच आकृती आहे. आरएफसींमध्ये एसव्हीजी (रेघा आणि मजकूर म्हणून साठवलेलं चित्र) वापरण्याचे नियम 2016 च्या डिसेंबरात आले, तरी लेखकांनी ॲस्की सोडलेली नाही. मात्र ॲस्की आकृतीत देवनागरी लिहू नका. सगळी अक्षरं सारख्या रुंदीची असतील तरच तिच्या रेघा जुळतात, आणि आपल्या मात्रा, जोडाक्षरं त्या रकान्यांत बसत नाहीत. 'कि' आणि 'क्षि' एकाच रुंदीत कसे मावतील? उजवीकडची भिंत वाकडी होतेच.

शेवटी पीडीएफ किंवा छापील पुस्तिका काढायची असेल तर आकृती एसव्हीजीमध्ये मिळते का, हे आधीच तपासा. त्याबद्दलचा मर्मेडचा एक खाचखळगा पुढे सांगते.

पायरी तिसरी: तीच आकृती तीन-चार साधनांत काढून बघा

एक दुपार बाजूला काढा आणि तुमच्या प्रकल्पातली खरी आकृती वेगवेगळ्या साधनांत लिहा. साधनाच्या वेबसाइटवरचे नमुने सगळे देखणेच असतात, त्यावरून काही कळत नाही.

मर्मेडपासून सुरुवात करा. स्वीडनच्या क्नुट स्वाइडक्विस्ट यांनी ते 2014 मध्ये सुरू केलं. ते जावास्क्रिप्टमध्ये आहे, त्यामुळे ब्राउझरमध्येच चालतं आणि शिकायला काही बसवावं लागत नाही. सिक्वेन्स डायग्राममध्ये पहिल्या ओळीत प्रकाराचं नाव इंग्रजीत लिहायचं आणि पुढे असं:

```
वापरकर्ता->>सर्व्हर: मोबाइल नंबर
सर्व्हर->>एसएमएस: ओटीपी पाठव
एसएमएस-->>सर्व्हर: पोचला
```

एक आडवी रेघ म्हणजे सलग बाण, दोन म्हणजे तुटक. जाणारी विनंती सलग आणि परत येणारं उत्तर तुटक, हा संकेत पाळा म्हणजे वाचणाऱ्याला विचारावं लागत नाही. फ्लोचार्टमध्ये मराठी लेबल लिहिताना ते दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवा आणि चौकटीची आतली ओळख साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा. असं केलं की अर्ध्या कटकटी होतच नाहीत.

उरलेल्या कटकटींत तीन नेहमीच्या. फ्लोचार्टमध्ये 'एंड' हा इंग्रजी शब्द सगळ्या लहान अक्षरांत एकटाच चौकटीचं नाव म्हणून लिहिला तर आकृती मोडते, कारण मर्मेडच्या भाषेत त्या शब्दाला अर्थ आहे. एक अक्षर मोठं केलं की काम होतं. दुसरी, तीन रेघांच्या जोडणीला चिकटून छोटा इंग्रजी ओ किंवा एक्स आला तर मर्मेडला वाटतं, टोकाला गोल किंवा फुली काढायची आहे. मध्ये एक मोकळी जागा सोडा. तिसरी, सिक्वेन्स डायग्रामच्या संदेशात अर्धविराम टाकू नका, तो ओळ संपल्याची खूण समजला जातो. चूक झाली तर मर्मेड त्या ओळीपुरतं थांबत नाही, अख्ख्या आकृतीच्या जागी चुकीचा संदेश दिसतो. म्हणून दोन-चार ओळी लिहून बघत जा, पन्नास ओळी एकदम लिहू नका.

आणखी एक. गिटहबवर मर्मेडची जी आवृत्ती आहे ती गिटहबची, तुमच्या संगणकावरची वेगळी असू शकते. मर्मेडच्या कोडमध्ये प्रकार म्हणून नुसतं 'इन्फो' हे इंग्रजीत लिहिलं की आवृत्तीचा क्रमांक उमटतो. तो बघून घ्या, मगच नवी सोय वापरा.

आता तो खळगा. मर्मेड फ्लोचार्टमधली लेबलं एसव्हीजीच्या आत एचटीएमएल म्हणून घालतं. ब्राउझरला त्याची अडचण नाही, पण तीच एसव्हीजी इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये किंवा पीडीएफ करणाऱ्या साधनात उघडली तर चौकटी रिकाम्या दिसतात. मजकूर गेला कुठे म्हणून माणूस तासभर फाँट तपासत बसतो. सेटिंगमध्ये एचटीएमएल लेबलं बंद केली की मजकूर परत येतो.

प्लांटयूएमएल वयानं थोरलं, 2009 पासूनचं, फ्रान्सच्या आर्नो रोक यांनी सुरू केलेलं. त्याला जावा लागतं, आणि सिक्वेन्स व ॲक्टिव्हिटी सोडून बऱ्याच प्रकारांसाठी ग्राफव्हिझही लागतं. हे ऐकून नवीन लोक मागे सरतात, पण सिक्वेन्स डायग्राम गंभीरपणे काढायचे असतील तर माझं मत प्लांटयूएमएललाच. पर्यायी वाटा, पुनरावृत्ती, टिपा, गट, कुठल्या क्षणी कोण सक्रिय आहे ते दाखवणाऱ्या पट्ट्या, हे सगळं त्यात वर्षानुवर्षं घासूनपुसून झालेलं आहे. शिवाय एक फाइल दुसरीत ओढून घेता येते. रंग, फाँट, नेहमीची पात्रं एका फाइलीत ठेवायची आणि प्रकल्पातल्या सगळ्या आकृत्यांत ती घ्यायची. पन्नास आकृत्या असतील तेव्हा याची किंमत कळते.

लिहिताना मराठी नावं अवतरणचिन्हांत ठेवा:

```
"वापरकर्ता" -> "सर्व्हर" : मोबाइल नंबर
"सर्व्हर" --> "वापरकर्ता" : ओटीपी पाठवला
```

प्लांटयूएमएलची पीएनजी मुळात 4096 पिक्सेलच्या पुढे जात नाही. आकृती मोठी झाली की कडेचा भाग सरळ कापला जातो, आणि कापलाय हे पटकन लक्षात येत नाही. एसव्हीजी काढा, किंवा ती मर्यादा वाढवण्याची सोय आहे ती वापरा.

ग्राफव्हिझ या सगळ्यांचा पूर्वज. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला एटी अँड टीच्या प्रयोगशाळेत त्यावर काम सुरू झालं. हातानं लिहायला त्याची डॉट भाषा मला तरी रुक्ष वाटते. पण आकृती माणसानं लिहायची नसून प्रोग्रामनं लिहायची असेल तेव्हा त्याला तोड नाही. डॉक्सिजन हे कोडमधून डॉक्युमेंटेशन काढणारं साधन कोडमधल्या क्लासांची आणि कॉलची आकृती ग्राफव्हिझकडूनच काढून घेतं. सर्व्हर वगैरे उभारून देणाऱ्या टेराफॉर्मची ग्राफ ही आज्ञा डॉट भाषेतच उत्तर देते. तुमच्याकडे शंभर मॉड्यूल असतील आणि कोण कोणाला आयात करतं हे बघायचं असेल, तर वीस ओळींची स्क्रिप्ट लिहा. प्रत्येक नात्यासाठी एक बाणाची ओळ छापायची आणि ती फाइल ग्राफव्हिझला द्यायची. मांडणीचे प्रकारही अनेक आहेत: वरून खाली उतरंड हवी तर डॉट, एकमेकांना ढकलून आपोआप पसरणारी मांडणी हवी तर नीटो, वर्तुळाकार हवी तर सर्को.

डीटू सर्वांत नवं, 2022 च्या नोव्हेंबरात खुलं झालं, गो भाषेत लिहिलेलं. वाचायला सर्वांत सोपं, हे वरच्या तीन ओळींत तुम्ही बघितलंच. चौकटीत चौकट घालणं त्यात फार सहज आहे: नावांच्या मध्ये टिंब द्यायचं, म्हणजे 'क्लाउड.सर्व्हर' लिहिलं की क्लाउड नावाच्या चौकटीत सर्व्हर बसतो. वॉच मोड चालू ठेवला की फाइल सेव्ह करताच ब्राउझरमधली आकृती बदलते, शिकताना याचा फार उपयोग होतो. अडचण एकच: गिटहब ते थेट दाखवत नाही, त्यामुळे बिल्डची सोय आपली आपण करावी लागते. मांडणीची तीन इंजिनं आहेत. डाग्रे आणि ईएलके फुकट, टाला विकत. चौकटीत चौकटी जास्त असतील तर डाग्रेऐवजी ईएलके लावून बघा, बाण बरेच सुटसुटीत होतात.

बाकीची साधनं विशिष्ट गरजेची आहेत. हार्डवेअरच्या सिग्नलांची वेळ दाखवायची तर वेव्हड्रॉम. सायमन ब्राउन यांच्या सीफोर पद्धतीनं एकाच प्रणालीची दुरून आणि जवळून अशी वेगवेगळी दृश्यं काढायची असतील तर स्ट्रक्चरायझर, त्यात प्रणालीचं वर्णन एकदाच लिहायचं आणि त्यातून सगळी दृश्यं निघतात. एसक्यूलाइट या डेटाबेसचे कर्ते रिचर्ड हिप यांचं पिकचर 2020 चं. बेल लॅब्जच्या जुन्या पिक भाषेवरून बेतलेलं, आणि त्यात चौकट कुठे ठेवायची हे तुम्ही सांगता. एसक्यूलाइटच्या डॉक्युमेंटेशनमधल्या सिंटॅक्सच्या आकृत्या त्यातच काढलेल्या आहेत.

पायरी चौथी: देवनागरीची कसोटी

ही पायरी इंग्रजी मार्गदर्शकांत नसते आणि आपल्याकडे टाळून चालत नाही. अनेक संस्थांची प्रशिक्षण पुस्तिका, वापरकर्त्याची माहितीपत्रकं, विद्यार्थ्यांचे प्रकल्प मराठीत असतात. तिथे आकृतीही मराठीत हवी, आणि ती नीट उमटायला हवी. मोडकी जोडाक्षरं असलेली आकृती वाचणाऱ्याचा अपमान करते असं मला वाटतं.

कसोटीसाठी एक आकृती करून ठेवा आणि तिच्या चौकटींत हे शब्द घाला: ॲप, दुसऱ्या, वापरकर्ता, उद्दिष्ट, शिल्लक, वेळ. यात सगळं येतं: मराठीचा ॲ, 'ऱ्या'मधला अर्धा र, रफार, द्द आणि ष्ट, अक्षराच्या डावीकडे येणारी वेलांटी, ळ. ही आकृती ब्राउझरमध्ये, एसव्हीजीत, पीएनजीत आणि शेवटच्या पीडीएफमध्ये, अशी चारही ठिकाणी डोळ्यांनी बघा. आपल्या संगणकावर दिसली म्हणून सगळीकडे दिसेल असं धरून चालू नका.

दोन गोष्टी बिघडतात. पहिली, रिकामे चौकोन. तुमच्या लॅपटॉपवर देवनागरी फाँट असतो, पण बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवरच्या छोट्या लिनक्स कंटेनरमध्ये बहुधा नसतो. पीएनजी तिथे तयार झाली की प्रत्येक अक्षराच्या जागी चौकोन येतो. कंटेनरमध्ये नोटो सॅन्स देवनागरीसारखा फाँट बसवा आणि आकृतीच्या सेटिंगमध्ये त्याचं नाव स्पष्ट लिहा.

दुसरी गोष्ट जास्त छुपी आहे. साधन चौकटीची रुंदी ठरवताना मजकूर एका फाँटनं मोजतं, आणि वाचणाऱ्याचा ब्राउझर तो दुसऱ्या फाँटनं काढतो. मग 'वापरकर्त्याची नोंदणी' चौकटीच्या भिंतीबाहेर जाते, किंवा दोन्ही बाजूंना मोठी मोकळी जागा राहते. एसव्हीजीमध्ये हे हमखास दिसतं, कारण तिच्यात अक्षरांचे आकार नसून नुसता मजकूर असतो. उपाय तोच, मोजताना आणि दाखवताना एकच फाँट. वेबसाइटवर तो वेबफाँट म्हणून द्या. ते शक्य नसेल तर लेबलं आखूड ठेवा, दोन ओळींत तोडा.

जाता जाता एक बारकी गोष्ट, पण मला प्रिय. पानावर भाषेची खूण मराठी अशी लावली आणि फाँटमध्ये सोय असली तर 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे. नोटो देवनागरीत ही सोय आहे. शाळेत गिरवलेलं अक्षर आकृतीत दिसलं की वाचणाऱ्याला ते आपलं वाटतं.

पायरी पाचवी: मांडणीशी भांडू नका

नवीन माणसाची पहिली तक्रार ठरलेली: "ही चौकट डावीकडे हवी, ती उजवीकडेच जाते." ही साधनं मांडणी आपल्या हातात देत नाहीत, हा त्यांचा स्वभाव आहे. थोडंफार वळवता येतं: दिशा वरून खाली ऐवजी डावीकडून उजवीकडे करा, ओळींचा क्रम बदला, संबंधित चौकटी एका गटात घाला. एवढं करून जमलं नाही तर मी आकृतीच संशयानं बघते. बहुतेक वेळा तिच्यात दोन आकृत्या अडकलेल्या असतात. दहा-बारा चौकटींच्या पुढे गेले की मी तोडते.

अदृश्य बाण आणि रिकाम्या चौकटी घालून मांडणी सरळ करण्याची युक्ती तुम्हाला कुणीतरी शिकवेल. वापरू नका. पुढच्या माणसाला ती ओळ कशासाठी आहे हे कळत नाही, तो ती भीतभीत तशीच ठेवतो आणि आकृती बदलणंच टाळतो.

काही आकृत्यांना नेमकी जागा हवीच असते: सर्व्हर रूमचा नकाशा, स्क्रीनची रचना, सर्किट बोर्डाची मांडणी. त्यांच्यासाठी हातानं काढायचं साधन घ्या. फक्त ज्यात नंतर बदल करता येईल अशी मूळ फाइल रेपोत टाकायला विसरू नका. ड्रॉ डॉट आयओमध्ये एसव्हीजीच्या पोटातच मूळ आकृती साठवण्याची सोय आहे, तीच फाइल दिसते आणि तीच पुन्हा उघडून बदलता येते.

पायरी सहावी: फाइल कुठे, बिल्ड कसं, आणि गुपितं

आकृतीची फाइल ज्या कोडबद्दल आहे त्याच्याच फोल्डरजवळ ठेवा. 'डायग्राम्स' नावाचं एक मोठं फोल्डर रेपोच्या टोकाला केलं की तिकडे कुणी फिरकत नाही.

तयार झालेली एसव्हीजी कमिट करायची का? गिटहबवर मर्मेड असेल तर प्रश्नच नाही, तिथे फक्त मजकूर. डीटू किंवा प्लांटयूएमएल असेल तर बिल्डमध्येच तयार करणं चांगलं. ते जमत नसेल आणि एसव्हीजी कमिट करावीच लागली, तर स्वयंचलित तपासणीत एक पायरी घाला, जी मजकुरातून आकृती पुन्हा काढते आणि कमिट केलेलीशी जुळत नसेल तर बिल्ड पाडते. मात्र यासाठी सगळ्यांकडे साधनाची एकच आवृत्ती हवी, नाहीतर पिक्सेलभर फरकानं बिल्ड पडत राहील. आवृत्ती पक्की करून टाका. वेगवेगळ्या टीम वेगवेगळी साधनं वापरत असतील तर क्रोकी बघा, ती एकच सेवा वीसहून जास्त भाषांतल्या आकृत्या काढून देते आणि आपल्या सर्व्हरवर डॉकरमध्ये चालवता येते.

आपल्या सर्व्हरवर, हे मी मुद्दाम म्हणते. प्लांटयूएमएल आणि क्रोकीचे सार्वजनिक सर्व्हर वापरताना आकृतीचा संपूर्ण मजकूर दाबून यूआरएलमध्येच घातलेला असतो. दिसायला ती अगम्य अक्षरं, पण कुणीही ती उलगडून मूळ मजकूर वाचू शकतं. ते काही कूटलेखन नव्हे. एडिटरची काही प्लगइनं तुम्हाला न विचारता असा बाहेरचा सर्व्हर वापरतात. ग्राहकाच्या प्रणालीची आतली रचना, सर्व्हरची नावं, पोर्ट असं काही आकृतीत असेल तर पहिल्याच दिवशी प्लगइनची सेटिंग उघडा आणि आकृती कुठे तयार होते ते बघा.

चित्र न दिसणाऱ्या वाचकांचाही विचार करा. मर्मेडमध्ये आकृतीला शीर्षक आणि वर्णन देण्याची सोय आहे, स्क्रीन रीडर ते वाचतो. दोन ओळी लिहायला मिनिटही लागत नाही.

मग आज काय करायचं?

अजूनही ठरत नसेल तर माझा सल्ला सरळ आहे. रेपो गिटहब किंवा गिटलॅबवर असेल तर मर्मेड घ्या आणि कामाला लागा. सिक्वेन्स डायग्राम मोठे आणि पुष्कळ असतील तर प्लांटयूएमएल. आकृती प्रोग्राम लिहिणार असेल तर ग्राफव्हिझ. स्वतःची वेबसाइट बिल्ड करत असाल आणि रचनेच्या आकृत्या जास्त असतील तर डीटू. एका प्रकल्पात दोन साधनं चालतील. तिसरं आणू नका, कारण प्रत्येक नव्या माणसाला ते शिकावं लागतं.

जुन्या सगळ्या आकृत्या एकदम बदलायला बसू नका, आठवडा जातो आणि उत्साह संपतो. जी आकृती सर्वांत जास्त चुकीची आहे आणि सर्वांत जास्त वाचली जाते, ती एक निवडा. आमच्याकडे ती अर्थातच त्या बंद सर्व्हिसची होती. मी ती त्या नव्या मुलालाच दिली, कारण दोन दिवस शोधल्यामुळे कुठला बाण खोटा आहे हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं ती मर्मेडमध्ये एकोणीस ओळींत लिहिली, आणि त्याच कमिटमध्ये जुनी पीएनजी काढून टाकली.